कडेला उभी असलेली माणसं

१

लग्नाहून परतलेल्या तिघांना दुकानाच्या दारातच कळलं, की आत काहीतरी बिनसलंय. दार नुसतं लोटलेलं होतं. खिडक्या नीट लागलेल्या होत्या. वास नाही, धूर नाही. तरी थोरल्याचा हात कडीवरच थबकला, आणि त्याच्यामागे उभी असलेली आई म्हणाली, "काही ऐकू का येत नाही?"

तेच ते होतं. खाली घड्याळदुरुस्तीचं दुकान आणि वर राहतं घर. टिकटिक त्या घरात इतकी मुरलेली, की घरच्यांना ती कधी ऐकूच यायची नाही. आता ती थांबली होती आणि कान दुखायला लागले होते.

धाकट्याने दार ढकललं. आत भरदुपारचं ऊन पडलं होतं. टेबलांवर, काउंटरवर, जमिनीवर पांढऱ्या चादरी अंथरलेल्या आणि त्यांवर गिऱ्हाइकांची झाडून सगळी घड्याळं सुटी करून मांडलेली. फोडलेली नव्हेत, मांडलेली. स्क्रूशेजारी स्क्रू, चाकाशेजारी चाक, आकाराप्रमाणे उतरत गेलेल्या ओळी, दोन ओळींत बोटभर अंतर. इतकं देखणं, की पाय टाकायला जीव धजेना. काटे वेगळे काढून ठेवले होते, आणि सगळ्या काट्यांची टोकं दाराकडे होती.

मधोमध थोरल्याची बायको बसली होती. तिच्या मांडीवर तिची तान्ही टिकू, नुकतीच मान धरायला लागलेली. टिकू रडत नव्हती. मुठी आवळून, डोळे टक्क उघडे ठेवून ती कोपऱ्यातल्या रिकाम्या भिंतीकडे बघत होती. तिची आईही तिथेच बघत होती.

"झालं बघा," ती म्हणाली. इतक्या आनंदाने, की कुणाला तिच्यावर ओरडताच आलं नाही. मग तिने आवाज खाली आणला. "हळू बोला. ते अजून गेले नाहीत."

२

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई आली. दोघा भावांहून मोठी, शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देणारी डॉक्टर. लोक सर्जनचे पाय धरतात आणि मला विचारतात, बाई, टॉयलेट कुठेय, असं ती हसत सांगायची. पण झोपलेल्या माणसाचा श्वास, नाडी आणि बुबुळं सांभाळण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. बोलू न शकणाऱ्या माणसाचं काय बिघडतंय हे ओळखणं, एवढंच तिचं काम.

थोरल्याने जे फोनवर सांगितलं होतं तेच जिन्यात उभ्या उभ्या पुन्हा सांगितलं. उद्या सकाळी गाडी येणार. बायकोला मनोरुग्णालयात ठेवायचं, टिकू आईपाशी राहील. ताई डॉक्टर आहे, ती सोबत असली म्हणजे दाखल करताना फार चौकशा होणार नाहीत. किती दिवसांसाठी, असं ताईने विचारलं. बरी होईपर्यंत, तो म्हणाला. आणि मग कठड्यावरची धूळ बोटाने पुसत म्हणाला, की तोपर्यंत टिकूला तिच्याजवळ फिरकू द्यायचं नाही, आणि ती बरी झालीच नाही तर कधीच नाही.

तो हे कडक आवाजात बोलला, पण दाढी अर्धीच केलेली होती आणि ते त्याला माहीत नव्हतं.

गाडी आली की हो का नाही ते सांगेन, तोवर मला घरात फिरू दे, एवढंच ताई म्हणाली.

आई स्वयंपाकघरात होती. तिचे दोन्ही मोतीबिंदू पिकायला आले होते, पण ओट्यासमोर उभी राहिली की कुणाला पत्ता लागला नसता. हात सरळ जायचा आणि हवी ती बरणी घेऊन यायचा. वडिलांनी लावलेली शिस्त होती ती. दुकानातले स्क्रू, पिना, काटे, सगळं औषधांच्या रिकाम्या बाटल्यांत. बाटल्यांवरची जुनी लेबलं तशीच. वाचायचं नाही, जागा बघायची. वस्तू उचलली तर तिची जागा मोकळी सोडायची, शेजारची तिथे सरकवायची नाही. वडील गेले, शिस्त राहिली आणि जिना चढून स्वयंपाकघरात आली. खोकल्याचं औषध लिहिलेल्या बाटलीत तेल, साखर लिहिलेल्या बरणीत मीठ. नव्या सूनबाईने पहिल्याच दिवशी सगळ्यांना खारट चहा पाजला होता. सगळ्यांनी तोंडं फिरवली. धाकटा तेवढा आख्खा कप संपवून म्हणाला होता, वहिनी, अजून थोडा आहे का.

आईने जे सांगितलं ते असं. बाळंतपणानंतर पोर दमायची, मधूनच रडायची, पण ते कुणाला चुकलंय. मग एकाएकी तिला हुरूप आला. पडदे धुतले, माळे उपसले, भांडी अशी घासली की त्यात तोंड दिसावं. आईला बरंच वाटलं. मग जेवण सुटलं. मग झोप सुटली, तिची आणि टिकूचीही. मग एक दिवस टिकूची गोधडी टाका न् टाका उसवून तिने सगळे दोरे लांबीप्रमाणे पलंगावर मांडले. "मी कशात कमी केलं गं? सकाळी उठल्यावर दूध, लोहाची गोळी, दोन्ही वेळचं ताट, सगळं माझ्या हातानं देते तिला."

थोरला मात्र जिन्यात ताईला गाठून खालच्या आवाजात वेगळंच बोलला. मध्यंतरी आई मावशीकडे राहायला गेली होती. तेव्हा बायको नुसती झोपून असायची, मुळूमुळू रडायची, पण भिंतीशी बोलत नव्हती. टिकूसुद्धा शांत झोपायची. आई परत आली आणि पुन्हा सुरू झालं. हे बोलून झाल्यावर त्याने असा चेहरा केला, जणू ते दुसऱ्याच कुणीतरी म्हटलं होतं.

३

वहिनीने ताईला हाताला धरून आत नेलं आणि दार लावून घेतलं. ताईला बरं वाटलं तिला बघून, आणि लगेच बरं वाटेनासं झालं. तिचं बोलणं पाण्यासारखं चाललं होतं. एक वाक्य संपायच्या आत दुसरं त्याच्या खांद्यावर. ओठ सुकून फुटलेले. मधूनच जबडा आपोआप एका बाजूला सरकायचा. हातांवर नखांचे ओरखडे, काही ताजे.

घड्याळं तिनेच उघडली होती, ती लपवतही नव्हती. एक स्क्रू सरळ ठेवला की आतून कुणीतरी पाठीवरून हात फिरवल्यासारखं वाटायचं. दुसरा ठेवला की पुन्हा. थांबावं कशाला? जीभ कोरडी पडून टाळ्याला चिकटली होती तरी पाणी प्यायला उठावंसं वाटलं नाही, टिकूचं दूध तेवढं चुकवलं नाही. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. ऐकून घ्यायला कोण होतं?

"आणि ते?" ताईने विचारलं.

वहिनी थांबली. त्या खोलीत ती पहिल्यांदाच थांबली.

"समोर बघितलं की नसतात. नजर काढून घेतली की कडेला येऊन उभे राहतात. कपाटाजवळ, दाराजवळ. चेहरे नाहीत. काही करत नाहीत, ताई. टिकूकडे बघतात आणि एकमेकांकडे वळून काहीतरी सांगतात."

बाहेर लख्ख ऊन होतं. रस्त्यावर कुणी सायकलची घंटी वाजवली. ताईने नकळत कपाटाकडे पाहिलं, आणि तिथे काही नाही हे स्वतःला सांगावं लागलं म्हणून तिला स्वतःचाच राग आला.

तिने वहिनीचा हात हातात घेतला. मायेनेच घेतला, पण बोटं मनगटावर गेली. नाडी धावत होती, जिना चढून आल्यासारखी. मग तिने तिला हळूच खिडकीकडे वळवलं. ऊन सरळ चेहऱ्यावर आलं तरी डोळ्यांतल्या बाहुल्या आकसल्या नाहीत. दोन काळ्या विहिरी, काठोकाठ.

पाळण्यात टिकू जागीच होती. दुधाचा आणि पावडरीचा वास, कानामागे मऊसूत लव, आणि कपाळावर म्हाताऱ्यासारखी आठी. ताईने तिचा पाय हातात घेतला तसा तो थरथरला. आपण थरथरतोय हे त्या एवढ्याशा पायाला कुठे ठाऊक होतं.

"ताई, एक द्यायचं होतं तुम्हाला." वहिनीने उशीच्या अभ्र्यात हात घातला आणि मूठ ताईच्या हातात रिकामी केली. घड्याळजीचा बारीक चिमटा होता, सुईच्या टोकाचा.

"हे तुम्ही ठेवा. माझ्याजवळ नको. तिच्या पायात कातडीखाली काहीतरी चालताना दिसलं मला. मी काढणारच होते."

४

दुपारी जेवायला सगळे बसले आणि दोन ताटं तशीच राहिली. एक वहिनीचं. दुसरं धाकट्याचं; त्याने खालूनच ओरडून सांगितलं, की घड्याळं जोडून होईस्तोवर मला हाक मारू नका. आईने दोन्ही ताटं झाकून ठेवली.

ताईचं जेवणात लक्ष नव्हतं. बाळंतिणीच्या मनाला होणारे आजार तिला माहीत होते, आणि वहिनीला तसलं काही होणं अशक्य नव्हतं. पण आजार काही सासू मावशीकडे गेली म्हणून सुट्टी घेत नाही. आणि आईचं मन बिघडलं तर बाळ रडेल, किरकिरेल. त्याचे पाय असे थरथरणार नाहीत. आई आणि मूल एकाच वेळी बिघडतात, एकाच वेळी सावरतात. दोघींमध्ये एकच वाट होती, दुधाची.

तिने थोरल्याला आणि आईला समोर बसवलं. हे वेड आतून आलेलं नाही, ती म्हणाली. बाहेरून येतंय. कुठलीतरी उत्तेजक गोळी वहिनीच्या पोटात जातेय आणि तिथून टिकूच्या.

आईला ते कळेना. गोळीने माणूस घड्याळं कशी काय उघडेल?

"मेंदूत एक सोय असते, आई. काम पुरं झालं, तहानेला पाणी मिळालं, लेकरू हसलं, की आतून थेंबभर शाबासकी मिळते. डोपामिन म्हणतात त्याला. त्या थेंबासाठीच आपण पुन्हा उठतो, पुन्हा काम करतो. ही गोळी ती तोटी सताड उघडते. मग स्क्रूशेजारी स्क्रू ठेवला तरी लेकरू पहिल्यांदा हसल्याएवढा आनंद होतो. भूक, झोप, तहान, कुणाचं ऐकायचंच नाही. सुरुवातीला सगळ्यांना वाटतं, काय हुरूप आलाय. पुढे धोका ओळखणारा भागही डोळे मिटेनासा होतो. पडदा हलला की माणूस दिसतो. खाज सुटली की किडे दिसतात."

"आणि गोळी उतरली की?"

"तोटीत काहीच उरत नाही. मग नुसतं झोपायचं आणि रडायचं. तू मावशीकडे होतीस तेव्हा तेच झालं."

थोरला उठून उभा राहिला. म्हणजे ती स्वतःच घेते, तो म्हणाला. कामं उरकावीत म्हणून. मुलीला पाजतानासुद्धा. असल्या बाईच्या हाती मूल द्यायचंच कशाला, आता तर मुळीच नाही. गाडी रद्द व्हायच्या ऐवजी त्याला नवं कारण मिळालं होतं.

आईचा चेहरा पडला. "ती घरातून बाहेर पडत नाही. तिच्या तोंडात जे जातं ते माझ्या हातून जातं."

हे बोलल्यावर तिचं तिलाच ऐकू आलं.

ताईने हळू आवाजात विचारलं, की लोहाच्या गोळ्यांची बाटली दाखवशील का.

आई ओट्यापाशी गेली. हात सवयीने वर गेला, खिडकीकडच्या फळीवर, मीठ आणि हळदीच्या मधोमध. बोटं मिटली. पण हातात काहीच आलं नाही. बोटं पुन्हा उघडली, पुन्हा मिटली. म्हातारी हवेत हात धरून तशीच उभी राहिली.

"सकाळी होती," ती म्हणाली.

५

थोरल्याचं मत ठरलेलंच होतं: बायकोने लपवली. ताईने त्याला खुर्चीत बसायला सांगितलं आणि स्वतः फळीसमोर जाऊन उभी राहिली. मिठाची बरणी आपल्या जागेवर होती, हळदीची आपल्या. मधे बाटलीएवढी मोकळी जागा, फळीवर एक स्वच्छ गोल. ती बराच वेळ तिकडे बघत होती.

मग तिने आई, थोरला आणि वहिनी, तिघांना वेगवेगळं गाठून एकच गोष्ट विचारली: ही बाटली आणली कुणी?

आई म्हणाली, पहिली बाटली संपली तेव्हा धुऊन खाली दुकानात पाठवली, स्क्रू भरायला, नेहमीसारखी. आणि थोरल्याला नवी आणायला सांगितलं. आणलीच त्यानं, बाटली जागेवर होती की.

थोरल्याने मात्र ती आणलीच नव्हती. तो विसरला होता. दुसऱ्यांदा आई बोलली नाही, म्हणून त्याला वाटलं, आता गोळ्यांची गरज नसेल.

वहिनीला काहीच लपवायचं नव्हतं. "मी आणली की वर. भावजींना चहा द्यायला गेले होते, तेव्हा त्यांच्या टेबलाच्या खणात दिसली. नाव माझ्याच गोळ्यांचं. वाटलं, आई खाली विसरल्या. आणून बरोबर तिच्या जागेवर ठेवली." मग जरा अभिमानाने म्हणाली, "आता मी जागा चुकवत नाही, ताई."

पहिल्या गोळ्या लाल होत्या आणि या पांढऱ्या, हे तिच्या लक्षात आलं होतं. पण बाटलीवर लिहिलेलं होतं ना. तिच्या माहेरी बाटलीवर लिहिलेलं खरं असायचं.

ताई खाली उतरली. दुकानाचे पडदे ओढलेले होते. अंधारात एकच दिवा, त्याखाली धाकटा, एका डोळ्याला भिंग, कपाळावर उजेड अडवणारी हिरवी झापड. सगळ्या घरात त्याच्याएवढा हलका हात कुणाचा नव्हता. केसाएवढी स्प्रिंग तो श्वास न सोडता बसवायचा. आताही ओळीतला एकेक तुकडा उचलून तो जागच्या जागी लावत होता. मागच्या भिंतीवर बाटल्याच बाटल्या, फळ्या भरून, छतापर्यंत, आणि प्रत्येकीवर कुठल्यातरी औषधाचं नाव.

त्याने ताईकडे न बघता वहिनीची बाजू घेतली. दादा उगाच तापलाय. मुद्दाम नासधूस करायची असती तर हातोडी काय कमी होती? "एक तुकडा हरवलेला नाही, ताई. सोपं नाही ते. उठलीसुद्धा नसेल मधे. जीभ टाळ्याला चिकटते तरी तहान लागल्याचं कळत नाही ना."

चिमट्यातलं चाक ओळीत खाली आलं. चिमटा किंचित हलला. भिंगाआडून त्याने पहिल्यांदा वर पाहिलं.

ताई पडद्यापाशी गेली. तिने तो बाजूला ओढला. ऊन आत आलं तसा धाकट्याने डोळ्यांवर हात घेतला, चटका बसल्यासारखा.

६

संध्याकाळचा चहा कुणी घेतला नाही. ताईने सगळ्यांना स्वयंपाकघरात बोलावलं. टिकू तिच्या खांद्यावर होती, आणि ती बोलत होती ते टिकूला थोपटता थोपटता, अंगाई म्हणावी तशा सुरात.

बाटली नाहीशी झाली ती आज, मी आल्यावर. वहिनीने घेतली असती तर? वहिनी मोकळी जागा बघू शकत नाही, सध्या तर नाहीच. तिने शेजारच्या बरण्या सरकवून ओळ पुरी केली असती. तिच्या हाताला आता तेवढंच कळतं. ज्याने घेतली त्याने जागा मोकळी सोडली. लहानपणापासून ज्याच्या हाताला ती शिस्त लागलीय, त्यानेच. म्हणजे आम्ही भावंडं किंवा आई. आईने घेतली असती तर तिने तो हात तसा हवेत धरला नसता. थोरला सकाळपासून माझ्याबरोबर जिन्यात, नाहीतर गाडीची व्यवस्था करायला बाहेर. उरला एकच.

आणि दुसरं. जीभ टाळ्याला चिकटते हे वहिनीने बंद दाराआड फक्त मला सांगितलं. खाली बसलेल्या माणसाला ते ऐकून माहीत झालेलं नाही.

या घरात कुणी लेबल वाचत नाही, म्हणून धाकट्याने आपल्या गोळ्या लोहाच्या रिकाम्या बाटलीत ठेवल्या. त्याहून सुरक्षित जागा नव्हती. लेबल वाचणारी एकच बाई घरात आलेली, आणि तिने ते वाचलं. तिने नाव बघून बाटली जागेवर ठेवली, आईने जागा बघून गोळी तिच्या हातावर ठेवली. दोघींनी आपापल्या परीने बरोबरच केलं.

थोरला भावाकडे बघत होता. धाकटा टेबलाकडे.

"मला कशाला गोळ्या लागतायत," तो म्हणाला. "बाटली दाखव मग."

तीच तर अडचण होती. खाली त्या भिंतीवर बाटली शोधायची तर आठवडा गेला असता, आणि गोळ्या केव्हाच स्क्रूंमध्ये मिसळल्या असत्या. थोरल्याने ताईकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर विश्वास आणि अविश्वास दोन्ही होते, आणि सकाळी गाडी येणारच होती. दारात वहिनी उभी होती. तिला चर्चेतलं किती कळत होतं कोण जाणे. ती ताईच्या खांद्याकडे बघत होती, जिथे तिची मुलगी होती.

ताई उठली आणि तिने टिकूला धाकट्याच्या हातात दिलं. "धर जरा."

त्याने धरलं. सगळ्या घरात त्याच्याएवढा हलका हात कुणाचा नव्हता. टिकूची पाठ त्याच्या तळव्यात मावली, आणि मग त्याचा चेहरा बदलला. ज्या बोटांना केसाएवढ्या स्प्रिंगचा कंप कळतो, त्यांना हा कळायला भिंग लागलं नाही. ते इवलंसं अंग आतून सारखं, बारीक, न थांबता थरथरत होतं.

"थंडी वाजतेय का हिला?" त्याने विचारलं.

"नाही. ती आईचं दूध पिते."

तो तसाच बसून राहिला. मग त्याने टिकूला अगदी सावकाश ताईकडे परत दिलं आणि जिना उतरून खाली गेला. एकच बाटली काढल्याचा आवाज आला, शोधल्याचा नाही. वर आला तेव्हा ती त्याने टेबलाच्या मधोमध ठेवली.

मग तो बोलला, थोडंच. वडील गेल्यावर बारीक कामं सगळी त्याच्याकडे आली. नजर थकायची. गोळीने दिवसभर हात स्थिर राहायचा, डोकं काचेसारखं स्वच्छ. बाटली खणातून गेली तेव्हा त्याला वाटलं, दादाने फेकली. नंतर साखर घ्यायला हात वर केला तर ही फळीवर. त्या दिवसांत वहिनी पडदे धुत होती, आई तिचं कौतुक करत होती. मला काही झालं नाही, तिला काय होणार, असं त्याने स्वतःला सांगितलं. बाटली हलवली असती तर आईने विचारलं असतं. म्हणून तो रोज आपल्यापुरती गोळी त्यातूनच घेत राहिला आणि रोज ठरवत राहिला, की उद्या हलवू. आज ताई आली तेव्हा कुठे हलवली. लेकराचा विचार त्याच्या मनात आला नव्हता. "खरंच आला नाही," तो दोनदा म्हणाला, आणि दुसऱ्यांदा म्हणताना त्याला ते पहिल्यापेक्षा वाईट वाटलं.

थोरल्याने हात उगारला होता. आईने तो धरला, न बघता, बरोबर जागेवर.

७

गाडी आली आणि गेली, पण तिने आई-मुलीला वेगळं केलं नाही. वहिनी आणि टिकू ताईच्या ओळखीच्या डॉक्टरकडे एकाच खोलीत राहिल्या. टिकूला काही काळ बाटलीचं दूध दिलं, आणि ती अशी झोपली, की नर्स मधूनमधून तिच्या नाकाशी बोट धरून बघायच्या. धाकटा दुसऱ्या इस्पितळात गेला. स्वतःहून गेला असं आई सांगते. थोरला याबद्दल बोलत नाही.

घरी आल्यावरचे दिवस वाईट होते. ताईने आधीच बजावलं होतं, की आता सगळं फिकं दिसेल. वहिनी झोपायची, उठायची, टिकूला घ्यायची, पुसायची, कपडे बदलायची, सगळं वेळच्या वेळी आणि कुणा परक्याचं मूल सांभाळल्यासारखं. थोरला तिच्याभोवती घुटमळायचा. माफी मागायला त्याला जमत नव्हतं, म्हणून तो लंगोट धुवायचा.

एका दुपारी ताई आली तेव्हा वहिनी पलंगावर टिकूला मांडीवर घेऊन बसली होती. टिकू तिच्या बांगडीशी बोलत होती.

कडेची माणसं अजून येतात का, ताईने विचारलं.

"गेली. एक दिवस नव्हतीच." मग ती म्हणाली, "ही हसते माझ्याकडे बघून. आणि मला काहीच वाटत नाही, ताई. ना चांगलं, ना वाईट. हे कुणाला सांगू मी?"

ताई म्हणाली, मला सांगितलंस की. म्हणाली, आटलेली विहीर एका दिवसात भरत नाही, पण भरते. वहिनीने मान हलवली. पटलं म्हणून नव्हे, बोलणं संपावं म्हणून. खिडकीखाली कुणीतरी दुकानाचं दार वाजवून निघून गेलं. खालचं टेबल रिकामंच होतं.

"भावजींना माहीत होतं?" तिने विचारलं.

"हो."

"कधीपासून?"

ताईला खोटं बोलता आलं असतं. "तू पडदे धुतलेस तेव्हापासून."

वहिनी खाली बघत होती. टिकूच्या पायाकडे, त्या गुबगुबीत, मऊ पायाकडे, ज्याच्या कातडीखाली काहीही चालत नव्हतं. तिने तो पाय मुठीत धरला. तिच्या गळ्यापाशी लाली चढली, मग कानांपर्यंत गेली.

"मी चिमटा उचलला होता," ती म्हणाली. "त्यांना माहीत होतं आणि मी चिमटा उचलला होता."

"हो."

"मला राग आलाय, ताई." तिने हे आश्चर्याने म्हटलं. मग तिचा आवाज चढला आणि फाटला. "खूप राग आलाय. मी त्यांना सगळ्यांसमोर बोलणार आहे. आई मधे पडल्या तरी बोलणार आहे."

"बोल," ताई म्हणाली, आणि तिला दोन्ही हात मोकळे मिळावेत म्हणून तिने टिकूला उचलून घेतलं.